तीन राजांचा पाव

(मेक्सिको देशात दरवर्षी ६ जानेवारीला एक मोठा गोल पाव कापतात. हा पाव त्या देशात कसा आला, तो कसा तयार करतात, त्यात बाहुली का लपवतात आणि एका निवडुंगासाठी बेकरीवाल्यांना त्यात कोणता बदल करावा लागला, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, आपण सकाळी चहाबरोबर पाव खातो. उर्दूत त्याला 'पावरोटी' असेही म्हणतात. पण 'पाव' हा शब्द कोठून आला, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? तो आला पोर्तुगालमधून. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज लोक समुद्रमार्गे गोव्यात आले. भट्टीत भाजलेल्या रोटीसाठी त्यांच्या भाषेत जो शब्द आहे, त्याचाच आपल्याकडे 'पाव' झाला. पाव भाजणाऱ्याला गोव्यात आजही 'पोदेर' म्हणतात. हा शब्दही मूळचा पोर्तुगीजच.

पोर्तुगालच्या शेजारी स्पेन हा देश आहे. स्पॅनिश भाषेत पावाला 'पान' म्हणतात. पान म्हटले की आपल्याला झाडाचे पान, वहीचे पान किंवा सुपारी घालून खायचे पान आठवते. पण स्पेनमधल्या दुकानात तुम्ही पान मागितले, तर दुकानदार तुमच्या हातात पाव ठेवील! 'पाव' आणि 'पान' हे दोन्ही शब्द लॅटिन भाषेतल्या एकाच शब्दापासून तयार झाले आहेत. म्हणजे ते एकमेकांचे सख्खे भाऊच म्हणायचे. त्यांतला एक भाऊ पूर्वेकडे भारतात आला. दुसरा भाऊ अटलांटिक महासागर ओलांडून पश्चिमेकडे मेक्सिकोत गेला. आज आपण या दुसऱ्या भावाच्या घरी जाऊ या.

नकाशात उत्तर अमेरिका खंड पाहा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिणेस मेक्सिको हा देश दिसेल. या देशावर १५२१ पासून १८२१ पर्यंत, म्हणजे तीनशे वर्षे स्पेनची सत्ता होती. त्यामुळे तेथील बहुसंख्य लोक आज स्पॅनिश भाषा बोलतात. तेथे बेकरीला 'पानादेरिआ' म्हणतात. गल्लोगल्ली अशा बेकऱ्या आहेत.

मेक्सिकोतील बेकरीत शिरण्याची एक रीत आहे. दारातच गोल ताटांची चळत आणि चिमटे ठेवलेले असतात. आलेला माणूस एका हातात ताट घेतो आणि दुसऱ्या हातात चिमटा. मग तो फळीफळीसमोरून फिरतो व हवा तो पाव चिमट्याने उचलून ताटात ठेवतो. शेवटी ताट घेऊन तो पैसे देण्यासाठी जातो. पावांचे प्रकार तरी किती! एका गोड पावावर साखरेचा थर असतो आणि त्यावर शिंपल्यासारख्या रेघा असतात. त्याचे नावच 'कोंचा', म्हणजे शिंपला. शिंगासारख्या वाकड्या पावाला 'शिंग' म्हणतात, तर कानासारख्या दिसणाऱ्या खुसखुशीत पावाला 'कान'. रोजच्या जेवणासाठी 'बोलीयो' नावाचा लांबट, साधा पाव असतो. तो बाहेरून कडक आणि आतून मऊ असतो. एखादा माणूस अचानक घाबरला, तर "थोडा बोलीयो खा, म्हणजे भीती जाईल," असे तेथील वडीलधारी माणसे म्हणतात!

वर्षभर गजबजलेल्या या बेकऱ्यांत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मात्र पाय ठेवायला जागा नसते. कारण ६ जानेवारी हा 'तीन राजांचा दिवस' असतो. त्या दिवशी कापायचा पाव घेण्यासाठी चार-पाच तारखेपासूनच लोक रांगा लावतात. सणाच्या आधी शनिवार-रविवार आला, तर गर्दी आणखी वाढते. बेकरीतले कारागीर रात्र रात्र जागून काम करतात. भट्टी थंड म्हणून होत नाही.

हे तीन राजे कोण? येशू ख्रिस्त, ज्यांना उर्दूत हजरत ईसा म्हणतात, त्यांच्या जन्माशी ही कथा जोडलेली आहे. ख्रिस्ती परंपरा असे सांगते, की बाळ येशूचा जन्म झाला, तेव्हा आकाशात एक तारा दिसला. त्या ताऱ्याच्या मागोमाग पूर्वेकडील ज्ञानी पुरुष बाळाला पाहण्यास आले. त्यांनी सोने, ऊद आणि गंधरस या वस्तू भेट म्हणून आणल्या. पुढे लोक त्यांना तीन राजे म्हणू लागले. मेल्चोर, गास्पार आणि बाल्तासार ही त्यांची नावे मेक्सिकोतल्या लहान मुलांनाही पाठ असतात. कारण तेथील मुलांना हे राजे भेटवस्तू आणून देतात, अशी समजूत आहे. काही मुले आपल्याला काय हवे ते चिठ्ठीत लिहितात, ती चिठ्ठी फुग्याला बांधतात आणि फुगा आकाशात सोडतात. ५ जानेवारीच्या रात्री मुले आपले बूट घरात एका जागी मांडून ठेवतात. सकाळी उठून पाहतात, तो बुटांजवळ खेळणी!

मग त्या दिवशी घरातली सारी माणसे एकत्र बसतात आणि 'राजांची रोस्का' कापतात. रोस्का म्हणजे कडे. हा पाव कड्यासारखा असतो. मध्ये मोकळा आणि कडेने जाड. घरात माणसे जास्त असतील, तर तो गोल नसून लांबट करतात. त्यावर साखरेच्या पाकात मुरवलेल्या फळांच्या लाल, हिरव्या, पिवळ्या पट्ट्या लावलेल्या असतात. पाव म्हणजे राजाचा मुकुट आणि फळे म्हणजे मुकुटातली रत्ने, असे लोक मानतात. मेक्सिको शहराच्या मोठ्या चौकात काही वर्षी एक किलोमीटरपेक्षाही लांब रोस्का टेबलांवर मांडण्यात आली आणि तिचे तुकडे हजारो लोकांना फुकट वाटण्यात आले.

या पावाची खरी गंमत आत आहे. त्यात बोटाएवढी एक छोटी बाहुली लपवलेली असते. पूर्वी ती चिनी मातीची असे, आता बहुधा प्लॅस्टिकची असते. ही बाहुली म्हणजे बाळ येशू. एका दुष्ट राजाला या बाळाला मारायचे होते आणि त्यामुळे आईवडिलांनी बाळाला लपवून दूर नेले, अशी कथा आहे. तिची आठवण म्हणून बाहुली पावात लपवतात.

प्रत्येकाने आपला तुकडा आपल्या हाताने कापायचा, असा रिवाज आहे. सुरी फिरू लागली, की सगळे श्वास रोखून पाहतात. सुरीला काही कडक लागले का? कोणाच्या तुकड्यातून बाहुलीचे डोके डोकावते आहे? आणि मग एकच हशा पिकतो. ज्याला बाहुली मिळाली, त्याला काय बक्षीस मिळत असेल, असे तुम्हांला वाटते? बक्षीस मुळीच मिळत नाही. उलट त्याच्यावर एक काम येऊन पडते! २ फेब्रुवारीला पुन्हा एक सण असतो. त्या दिवशी, त्या वेळी जमलेल्या सगळ्यांना त्याने घरी बोलवायचे आणि 'तामाल' खाऊ घालायचे. तामाल म्हणजे मक्याचे भिजवलेले पीठ कणसाच्या सालीत किंवा केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेला पदार्थ. कोकणात हळदीच्या पानात पातोळ्या उकडतात, तशीच काहीशी ही रीत आहे.

मोठ्या रोस्केत एकाहून जास्त बाहुल्या घालतात. त्यामुळे खर्चही वाटला जातो. तामालचा खर्च टाळण्यासाठी कोणी बाहुली हळूच तोंडात किंवा खिशात लपवतो आणि मग पकडला जातो. असे किस्से तेथे दरवर्षी रंगवून सांगतात. पण गमतीतला नियम किती शहाणपणाचा आहे पाहा! ज्याला जास्त मिळाले, त्याने इतरांना द्यायचे. त्यामुळे एका दिवसाचा सण एका दिवसात संपत नाही. आज जमलेली माणसे महिन्याभराने पुन्हा एकत्र येतात.

आता हा पाव कसा करतात, ते पाहू. मैदा, साखर, अंडी, लोणी, दूध आणि किसलेली संत्र्याची साल एकत्र करतात. त्यात यीस्ट घालतात. यीस्ट म्हणजे उर्दूतले 'खमीर'. यीस्ट हे अतिशय सूक्ष्म सजीव असतात. ते पिठातली साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. पीठ खूप वेळ मळल्यामुळे ते रबरासारखे ताणले जाते. त्यामुळे वायू बाहेर निसटत नाही. त्याचे बुडबुडे पिठातच अडकतात आणि पीठ फुगून जवळजवळ दुप्पट होते. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी असतो. दाब कमी असला, की बुडबुडे लवकर मोठे होतात. म्हणून तेथील कारागिराला फुगणाऱ्या पिठावर नीट लक्ष ठेवावे लागते. पीठ फाजील फुगले, तर भट्टीत गेल्यावर पाव बसतो.

फुगलेल्या पिठाचे कडे वळतात. त्याला अंड्याचा हात लावतात. त्यावर फळांच्या पट्ट्या आणि साखर, मैदा व लोणी यांचे पट्टे मांडतात. मग रोस्का पुन्हा थोडी फुगू देतात आणि भट्टीत घालतात. प्लॅस्टिकची बाहुली भट्टीत वितळेल. म्हणून पाव भाजून निवल्यावर खालच्या बाजूने ती आत सारतात. अशी ही रोस्का गरम चॉकलेटबरोबर खातात.

मुलांनो, या एका पावात किती देश एकत्र आले आहेत, ते पाहा. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी मेक्सिकोत गहू नव्हता. तेथील लोकांचे मुख्य धान्य मका होते. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथील शेतकऱ्यांनीच एका रानटी गवतापासून मका तयार केला. गहू मात्र पश्चिम आशियातला. तो तेथून युरोपात गेला आणि स्पॅनिश जहाजांतून मेक्सिकोत पोहोचला. मेक्सिकोत पहिला गहू कोणी पेरला? आफ्रिकेत जन्मलेला हुआन गारिदो नावाचा एक मनुष्य स्पॅनिश सैन्याबरोबर मेक्सिकोत आला होता. १५३८ मध्ये त्याने स्पेनच्या राजाला अर्ज केला. या देशात सर्वांत आधी गहू आपण पेरला, असे त्याने त्यात म्हटले होते. तांदळाच्या पोत्यात सापडलेल्या गव्हाच्या तीन दाण्यांपासून ही शेती सुरू झाली, अशीही एक गोष्ट सांगतात.

साखरेचेही तसेच. स्पॅनिश भाषेत साखरेला 'आसुकार' म्हणतात. हा शब्द अरबी 'सुक्कर' वरून आला. उर्दूतला 'शकर' आणि मराठीतला 'साखर' हे त्याचेच नातेवाईक आहेत. या सर्वांचे मूळ संस्कृतातल्या 'शर्करा' या शब्दात आहे. संत्र्याला स्पॅनिशमध्ये 'नारांखा' म्हणतात. मराठी 'नारिंग', उर्दू 'नारंगी' आणि अरबी 'नारंज' हे शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहा; नाते लगेच कळेल. अरबांनी ऊस आणि संत्री स्पेनला नेली, आणि स्पॅनिश लोकांनी ती पुढे मेक्सिकोला नेली. मेक्सिकोने तरी जगाला थोडे का दिले आहे? रोस्केबरोबरचे चॉकलेट ही त्याच भूमीची देणगी. 'चॉकलेट' आणि 'टोमॅटो' हे शब्द मेक्सिकोतल्या नाहुआत्ल या जुन्या भाषेतून जगभर गेले. आपल्या रोजच्या जेवणातली मिरचीसुद्धा अमेरिका खंडातूनच पोर्तुगिजांबरोबर भारतात आली.

रोस्का स्पेनमधून मेक्सिकोत आली खरी, पण मेक्सिकोच्या बेकरीवाल्यांनी तिच्यावर आपल्या मातीतली एक वस्तू चढवली. तिचे नाव 'आसित्रोन'. आसित्रोनच्या पारदर्शक, गोड वड्यांच्या पट्ट्या कापून त्या रोस्केवर लावत. या वड्या 'बिस्नागा' नावाच्या निवडुंगापासून करतात. बिस्नागा ही मेक्सिकोच्या कोरड्या माळरानावर उगवणारी, पिंपासारखी जाड वनस्पती आहे. तिचे काटे आणि साल काढून आतला गर कापतात. तो चुन्याच्या निवळीत भिजवतात आणि साखरेच्या पाकात शिजवतात. आपल्याकडे कोहळ्याचा पेठा जसा करतात, तशीच ही रीत आहे.

पण कोहळा आणि बिस्नागा यांत एक मोठा फरक आहे. कोहळ्याचा वेल एका हंगामात वाढतो आणि फळ देतो. फळ काढले, तर पुढच्या वर्षी पुन्हा वेल लावता येतो. बिस्नागाचे तसे नाही. आसित्रोनसाठी तिचे फळ नव्हे, तर तिचे अंगच कापावे लागते. म्हणजे झाड मरते. शिवाय ती फार सावकाश वाढते. तिला मोठे होण्यास कित्येक दशके लागतात. मोठी बिस्नागा शंभराहून जास्त वर्षांची असू शकते. पणजोबांच्या काळात रुजलेली वनस्पती एका दिवसाच्या मिठाईसाठी तोडली, तर तिच्या जागी तेवढी दुसरी पाहायला आपण जिवंत नसू. माळरानावर बिस्नागा पाणी साठवून ठेवते. तिची फुले कीटकांच्या आणि तिची फळे प्राण्यांच्या उपयोगी पडतात. ती गेली, की त्यांचाही आधार जातो.

वर्षानुवर्षे तोड होत राहिली आणि बिस्नागा कमी होऊ लागल्या. तेव्हा मेक्सिकोच्या सरकारने त्यांना संरक्षित वनस्पतींच्या यादीत घातले. परवानगीवाचून त्या तोडणे आणि विकणे हा गुन्हा ठरला. जानेवारी जवळ आला, की आसित्रोन लावलेली रोस्का घेऊ नका, असे तेथील अधिकारी लोकांना सांगतात.

बेकरीवाल्यांपुढे प्रश्न उभा राहिला. गिऱ्हाइकांना लहानपणापासूनची चव हवी होती. आसित्रोनशिवाय रोस्का ही रोस्काच नव्हे, असे जुन्या लोकांना वाटे. पण बिस्नागाच नाहीशी झाली असती, तर आसित्रोनही राहिले नसते. मग बेकरीवाल्यांनी दुसरा मार्ग काढला. बिही किंवा पेरू यांचा गर साखरेत आटवून घट्ट वडी करतात. तिला तेथे 'आते' म्हणतात. या वडीच्या रंगीत पट्ट्या त्यांनी रोस्केवर लावल्या. पाकातले अंजीर, चेरी आणि संत्र्याची साल तर होतीच. पेरू तोडला म्हणून पेरूचे झाड मरत नाही. ते पुढच्या वर्षी पुन्हा फळ देते. मुकुटातली रत्ने बदलली, पण मुकुट तसाच राहिला.

हे काम पूर्ण झाले आहे, असे मात्र नाही. काही बाजारांत आसित्रोन आजही चोरून विकले जाते. घेणारा आहे, तोवर विकणारा असतोच. म्हणून कायद्याइतकेच महत्त्व गिऱ्हाइकाच्या एका प्रश्नाला आहे. हातात ताट आणि चिमटा घेऊन उभ्या असलेल्या माणसाने एवढेच विचारायचे, "यावर लावलेले हे काय आहे?" उत्तर 'आसित्रोन' असे आले, तर चिमटा पुढच्या पावाकडे वळवायचा.

सण म्हणजे जुन्या गोष्टी जशाच्या तशा करणे, असे आपल्याला वाटते. पण राजांच्या पावाकडे पाहिले, तर वेगळेच दिसते. या पावाने देश बदलला. त्याची बाहुली बदलली. त्याच्यावरची फळेही बदलली. बदलली नाही ती एकच गोष्ट : सगळ्यांनी मिळून बसायचे, वाटून खायचे आणि ज्याच्या वाट्याला जास्त आले, त्याने पुढच्या वेळी इतरांना बोलवायचे. ती बदलली नाही, म्हणून लोक या पावाला आजही राजांचाच पाव म्हणतात.

स्वाध्याय

१. 'पाव' आणि 'पान' या शब्दांना सख्खे भाऊ का म्हटले आहे?
२. ज्याला बाहुली मिळते, त्याला काय करावे लागते?
३. पीठ फुगते कसे, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. कोहळा आणि बिस्नागा यांतील फरक सांगा.
५. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत सारखे असलेले खाण्याच्या वस्तूंचे दहा शब्द शोधून लिहा.
६. तुमच्या घरी सणाला होणारा एखादा पदार्थ पूर्वी कसा करत व आता कसा करतात, हे घरातील वडील माणसांना विचारा आणि आठ-दहा वाक्ये लिहा.